थर, झाकण आणि हिरवा रंग : मुळशीच्या पावसाळी निसर्गछायाचित्रांची चिकित्सा

प्रस्तावना

ताम्हिणी घाट, मुळशी जलाशय आणि घनगड-तैलबैला परिसर हे पावसाळी निसर्गछायाचित्रणाचे आवडते विषय झाले आहेत. दिनदर्शिका, पर्यटनपत्रके आणि मोबाइलचे पडदे यांवरून फिरणाऱ्या या चित्रांचे कौतुक पुष्कळ होते, समीक्षा मात्र क्वचितच. साहित्यकृतीबाबत आपण प्रतिमा, निवेदन, रचना यांची चर्चा करतो. छायाचित्र म्हटले की 'सुंदर' आणि 'एडिट केलेले' या दोन शेऱ्यांपलीकडे आपली भाषा जात नाही. प्रस्तुत लेखात लेअर, मास्क आणि कलर चॅनेल या तीन साधनांच्या आधारे या चित्रांचे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

साधनांची पूर्वपीठिका

ही साधने संगणकाने जन्माला घातली हा समज प्रथम दूर केला पाहिजे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्मा यांचा छापखाना पुढे मुळशीला लागून असलेल्या मावळ तालुक्यात, मळवली येथे हलविण्यात आला. तेथील शिलामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड असे. लक्ष्मीच्या एका तसबिरीतील तांबडा किती, पिवळा किती, निळा किती हे कारागीर डोळ्याने ठरवून वेगवेगळ्या दगडांवर उतरवीत आणि कागद पुनःपुन्हा त्याच जागी बसवून एकावर एक रंग चढवीत. कागद केसभर सरकला तर देवीच्या ओठाचा रंग हनुवटीवर येई. चॅनेल आणि लेअर या दोन्ही कल्पना येथे हाताच्या कामात दिसतात. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके याच मुद्रणव्यवसायात होते, ही गोष्टही या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. तत्त्वाच्या पातळीवर जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्येच लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांमधून घेतलेली तीन चित्रे एकत्र प्रक्षेपित करून रंगीत प्रतिमा दाखविली होती. फोटोशॉप १९९० मध्ये आले आणि त्यात लेअरची सोय १९९४ मध्ये झाली. नवी होती ती सुलभता आणि पाऊलखुणा न उरण्याची शक्यता.

'मास्क' या शब्दाविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. त्याचे 'मुखवटा' हे भाषांतर सर्रास केले जाते, पण ते दिशाभूल करणारे आहे. आपल्याकडे मुखवटा चेहरा दाखवितो; जत्रेत पालखीतून मिरवतो तो देवाचा मुखवटाच. छायाचित्रातील मास्कचे काम रांगोळीच्या जाळीसारखे आहे: जेथे छिद्र तेथे रंग पडतो, जेथे जाळी बंद तेथे जमीन कोरी राहते. पांढरा भाग उघडा, काळा भाग झाकलेला आणि मधल्या करड्या छटा अर्धवट उघड्या. अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याचा तुकडा किंवा हाताचा तळवा प्रकाशाआड धरून चित्राचा एखादा भाग उजळ ठेवणारा जुना छायाचित्रकार हेच करीत होता. म्हणून या लेखात 'झाकण' हा शब्द वापरला आहे.

हिरव्याचे राज्य

डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक मुळातच हिरव्याकडे झुकलेला असतो. ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत दर चार बिंदूंपैकी दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो, कारण मानवी डोळ्याला उजेडातील फरक हिरव्यात अधिक कळतो. ताम्हिणीच्या चित्रात हा हिरवा आणखी ताणला जातो. संपृक्तता वाढवीत नेली की हिरव्या भागातील लाल व निळे चॅनेल शून्याला टेकतात आणि पोताचा सारा भार एकट्या हिरव्यावर येतो. मग रोपवाटिकेतील भाताचा पोपटी, जांभळीचा काळपट आणि सड्यावरच्या गवताचा पिवळसर हिरवा यांत भेद उरत नाही. जुलैत आवणीच्या वेळी या खोऱ्याचा मोठा भाग प्रत्यक्षात चिखलाचा, गढूळ तपकिरी असतो. तो रंग या चित्रांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे, आणि त्याबरोबर चिखलात वाकलेली माणसेही.

धुके आणि धूसरता यांतील फरकही येथे महत्त्वाचा आहे. हिवाळ्यातील धूसरता निळ्या प्रकाशाला अधिक विखुरते. त्यामुळे केवळ लाल चॅनेल पाहिला तर तैलबैल्याच्या जुळ्या भिंती अधिक स्पष्ट दिसतात. पावसाळी धुक्याचे थेंब सर्व रंगांना सारखेच विखुरतात, तिन्ही चॅनेल सारखेच पांढरे होतात आणि कोणतीही युक्ती त्यातून कडा काढू शकत नाही. तरीही अनेक चित्रांत धुक्यामागचा कडा सुस्पष्ट व धुके मात्र मऊ, पायाशी अंथरल्यासारखे दिसते. असे धुके बहुधा ब्रशने झाकणावर रंगविलेले असते.

आकाशाचेही तसेच. ढगाळ हवेत उजेड सर्व बाजूंनी येतो, सावल्या पडत नाहीत. अशा सपाट उजेडातील गवतावर कोठून तरी आणलेला सोनेरी सूर्यास्त बसविला की गवत आणि आकाश दोन वेगळ्या दिवसांचे वाटू लागतात, डोंगराच्या कडेला पांढरट रेघ राहते आणि पाण्यात जुन्याच करड्या आकाशाचे प्रतिबिंब. आकाश उसने घेणे जुनेच आहे. गुस्ताव ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र व ढग वेगवेगळ्या काचांवरून एकत्र छापले होते, कारण त्या काळच्या रसायनाला दोन्ही एकाच वेळी टिपता येत नव्हते. त्यांच्यापुढे अडचण होती. आज २०२० पासून ही सोय एका आदेशावर उपलब्ध आहे, आणि अडचण नसताना केलेल्या निवडीचा जाब अधिक कडकपणे विचारला पाहिजे.

पाणकाठाची तपकिरी पट्टी

तथापि या चित्रांवरील माझा मुख्य आक्षेप आकाशाला नाही, काठाला आहे. मुळशीचे पाणी हे निसर्गनिर्मित सरोवर नव्हे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा नदी अडविली गेली, पाणी पश्चिमेला रायगडातील भिरा वीजगृहाकडे वळविले गेले आणि खोऱ्यातील भातखाचरे व गावे बुडाली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. पाणी उतरले की जलाशयाच्या काठावर उघड्या मातीची तपकिरी पट्टी दिसते. नैसर्गिक तळ्याला अशी पट्टी क्वचितच असते. ही धरणाची सही आहे. संपादनात सर्वांत आधी हीच पट्टी जाते: शेजारचे गवत उचलून तिच्यावर एक थर चढविला जातो, विजेच्या तारा पुसल्या जातात आणि खाली 'सरोवर' असा मथळा येतो. उजेडाचा तोल साधण्यासाठी वापरलेले झाकण आणि पुरावा झाकण्यासाठी वापरलेले झाकण यांत साधन एकच असले तरी कृती भिन्न आहे. समीक्षकाने 'संपादन केले का' हा प्रश्न सोडून 'काय झाकले' हा प्रश्न विचारावा, असे मला वाटते.

निसर्गचित्र म्हणजे बातमीचे चित्र नव्हे, त्याला सत्याची एवढी सक्ती कशासाठी, असा प्रतिवाद होईल. चित्रकाराच्या मुळशीला ती सक्ती नाही, हे मान्य. परंतु छायाचित्र ज्या विश्वासावर खपते तो 'हे असे आहे' हा विश्वास आहे, आणि पर्यटनपत्रक तोच विकते.

याच साधनाचा उलटा उपयोगही करता येतो, आणि तो कोणी फारसा केलेला नाही. धरणापूर्वीचा मोजणीचा नकाशा एका थरावर ठेवावा, आजचे उंचावरून घेतलेले छायाचित्र त्याखाली, आणि नकाशाची अपारदर्शकता निम्म्यावर आणावी. टेकड्यांची शिखरे व सोंडा जुळवून घेतल्या की पाण्याच्या निळ्या भागावर नदीची जुनी वळणे, पायवाटा आणि गावांची नावे उमटतील. येथे झाकण फक्त पाण्यापुरते उघडे ठेवायचे. डोंगरांना हात लावण्याची गरज पडत नाही.