मासळी मोजली, पण कोणासाठी?

मासळीच्या नोंदीसाठी आलेल्या डिजिटल साधनांचं आज आम्ही परीक्षण करणार आहोत. पुस्तक हातात घेतलं की आपण विचारतो, हे कोणासाठी लिहिलंय? अ‍ॅपलाही तोच प्रश्न विचारायला हवा.

मोजणी हवी, यात वाद नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर नमुना पाहणी करते. सगळीकडे रोज माणूस उभा करता येत नाही. म्हणून काही केंद्रं, काही दिवस, काही होड्या निवडायच्या आणि त्यावरून अंदाज बांधायचा. कागदाच्या जागी टॅबलेट आला तर आकडे लवकर पोचतात. चांगलंच आहे.

आमची हरकत आहे ती नोंदीच्या चौकटीला. तिच्यात सहसा काय असतं? होडी, जाळं, जात आणि किलो. आता आपला किनारा बघा. ओहोटीला खडकावरची कालवं फोडणाऱ्या, खाडीत तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांकडे होडीच नसते. होडी नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून उद्या भरपाईच्या वेळी दाखवायला काही नाही!

किलोचंही तसंच. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 54 जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. का? पिल्लंच धरली तर पुढं मासा उरणार नाही म्हणून. पण ‘पापलेट 20 किलो’ एवढंच लिहिलं तर ते अर्ध्या किलोचे 40 नग होते, की पन्नास ग्रॅमची 400 पिल्लं? लांबी विचारलीच नाही, तर आकडा बरोबर असूनही कामाचा नाही.

आता जागेच्या नोंदीकडे येऊ. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पंतप्रधानांनी होड्यांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू केली. एक लाख यंत्रं, खर्च सुमारे 360 कोटी. मोबाइलची रेंज नसते तिथूनही उपग्रहामार्फत मदत मागता येते. वादळात जीव वाचवणारी गोष्ट आहे ही, तिला नावं कशाला ठेवायची? पण त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराची पायाभरणीही झाली, आणि त्या बंदराला मच्छीमारांचा जुना विरोध आहे. ‘आम्ही इथं मासेमारी करतो’ हे सिद्ध करायला होडीच्या मार्गाच्या नोंदीइतका पक्का पुरावा दुसरा कुठला? तो पुरावा गावाच्या मच्छीमार सोसायटीला मिळेल, हा हक्क यंत्र बसवतानाच लिहून घ्यायला हवा.

याला दुसरी बाजूही आहे बरं का. डोल जाळी लावायच्या जागांवरून, म्हणजे कवींवरून, वसई ते डहाणू पट्ट्यात वर्षानुवर्षं भांडणं आहेत. कोणाची होडी कुठं जाते हे उघड्यावर आलं, तर ती आणखी पेटतील. म्हणून सगळ्यांना सगळं दाखवा, असं आम्ही म्हणत नाही. कोणाला काय दाखवायचं हे मच्छीमारानं ठरवावं, एवढंच म्हणतो.

हे स्वप्नरंजन नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या छोट्या मच्छीमारांसाठी ‘अबालोबी’ नावाचं अ‍ॅप आहे. मच्छीमार त्यात पकड, खर्च आणि उत्पन्न स्वतः भरतात, आणि ती माहिती कोणाला द्यायची तेही स्वतः ठरवतात. त्याच व्यवस्थेतून हॉटेलं थेट त्यांच्याकडून मासे घेतात. म्हणजे नोंद केली की चार पैसेही हाती येतात. खोटं भरून फायदा नाही, भरायचा कंटाळा करूनही फायदा नाही.

तेव्हा यापुढं असं एखादं नवं साधन कोणी तुमच्या गावात घेऊन आलं, तर स्क्रीन किती सुंदर आहे हे पाहू नका. तीन गोष्टी विचारा. होडी नसलेल्या बाईची नोंद यात कुठं होते? माझ्या बोलीतली माशाची नावं यात आहेत का? आणि मी वर्षभर भरलेली माहिती मला, माझ्या भाषेत, कागदावर परत मिळेल का? तिसऱ्याला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर आधी त्यावर बोला. सही नंतर.