भिंतीवर टांगलेली पाने

बर्नजवळच्या वाल्डाऊ मनोरुग्णालयात अडॉल्फ वोल्फली १८९५ साली आला आणि १९३० मध्ये तिथेच वारला. १९०८ पासून त्याने लिहायला आणि रंगवायला घेतलेली कहाणी वाढत वाढत ४५ खंड आणि सुमारे २५,००० पानांपर्यंत गेली. तिच्यात ‘डूफी’ नावाचा पोरगा जगभर फिरतो, आपटतो, मरतो, पुन्हा उठतो. मजकुराच्या मधूनच चित्र उगवते, चित्राच्या कडेने स्वरलिपी धावते, मग आकडेमोड, मग मासिकांतली कात्रणे. संग्रहालयात मात्र आपल्याला यातले एखादे पान काचेमागे दिसते आणि शेजारी ‘रंगीत पेन्सिल, कागद’ अशी चिठ्ठी. वाचण्यासाठी केलेला ग्रंथ आपण सोडवून भिंतीवर टांगला.

हा ग्रंथ वाचायला सगळ्यांत लायक माणूस कोण? माझे उत्तर : कॉमिक्स काढणारा. शब्द आणि चित्र एका पानावर कसे नांदतात, नजर कुठून कुठे सरकते, चौकट कधी मोडायची, हा त्याचा रोजचा धंदा. तरीही मनोरुग्णालयातून आलेल्या चित्रांकडे वळताना त्याचा हात बहुतेक वेळा पानाकडे न जाता चरित्राकडे जातो.

याला कारण आहे. ही चरित्रे भयंकर ओढ लावणारी आहेत. कलेचा इतिहास शिकून मनोविकारतज्ज्ञ झालेल्या हान्स प्रिन्झहॉर्नने १९१९ नंतर हायडेलबर्गच्या रुग्णालयासाठी ठिकठिकाणच्या रुग्णांची सुमारे ५,००० चित्रे, वह्या, पत्रे, कोरीव वस्तू जमवल्या आणि १९२२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. माक्स अर्न्स्टने तो पॅरिसला नेला आणि अतिवास्तववाद्यांनी तो डोक्यावर घेतला. पुढे नाझींनी याच संग्रहातली चित्रे ‘अधोगत कला’ या फिरत्या प्रदर्शनात आधुनिक चित्रकारांची टिंगल करण्यासाठी मांडली. आणि प्रिन्झहॉर्नने ज्याला ‘पोल’ या टोपणनावामागे झाकले होते, तो फ्रान्झ कार्ल ब्यूलर १९४० मध्ये ग्राफेनेक इथे मारला गेला. रुग्णांच्या सरकारी कत्तलीत. इतकी गोष्ट हाती असताना रेषेचा विचार कोण करत बसणार?

चरित्रात्मक कॉमिक्समध्ये चांगली कामेही आहेत. बार्बरा स्टॉकचे व्हॅन गॉगवरचे ‘व्हिन्सेंट’ (२०१२) साध्या, जाड रेषेत आजाराचा बाऊ न करता पुढे सरकते. पण ते इतके समंजस आहे की व्हॅन गॉगचा हट्ट त्यात गुळमुळीत होतो. स्टेफेन क्वेर्नेलांडचे ‘मुंक’ (२०१३) मला कितीतरी वरचे वाटते. मुंकच्या गोष्टीतले सगळे बोलणे मुंक आणि त्याच्या समकालीनांच्या लेखनातून उचललेले. चित्रशैली मात्र पानागणिक बदलते, कधी खुद्द मुंकलाच चिमटे काढते. पण व्हॅन गॉग आणि मुंक हे दोघे नावाजलेले चित्रकार. रुग्णालय त्यांच्या आयुष्यातला एक टप्पा होता. वोल्फलीच्या बाबतीत हाच साचा वापरला की उरतो तो रुग्णाचा कागद : पोरका गडी, लहान मुलींवर अत्याचाराचे प्रयत्न, तुरुंग, कोठडी. हे झाकू नये, खरेच आहे. मात्र एवढे सांगून २५,००० पानांबद्दल काहीच सांगून होत नाही.

त्यात वेड दाखवायच्या ठरीव युक्त्या येतात. चौकट वाकडी करायची, शाई ओघळू द्यायची, अक्षरे थरथरती काढायची. वोल्फलीच्या पानावर ओघळ सापडणार नाही. तिथे किनारीला किनार लागलेली, एक बोटभर जागा रिकामी नाही, आणि शिस्त एखाद्या हिशेबनीसासारखी. वेडाची ही कॉमिक्समधली भाषा निरोग्यांनी बनवली आहे, आणि ती आता बंद करावी.

रेषेला रेषेने दिलेले उत्तर शोधायचे तर शिकागोला जावे लागते. ‘हेअरी हू’ या गटाच्या तरुण चित्रकारांनी १९६६ पासून आपल्या प्रदर्शनांची पुस्तिकाच कॉमिक बुकासारखी छापली. त्यांच्यातल्या जिम नटने १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात मार्टिन रामिरेझची चित्रे पाहिली आणि ती जगापुढे आणण्यात मोठा वाटा उचलला. रामिरेझ मेक्सिकोतून मजुरीसाठी आलेला, रेल्वेमार्गांवर राबलेला माणूस. १९३१ पासून १९६३ मध्ये मरेपर्यंत रुग्णालयांत. मिळतील ते कागद चिकटवून त्याने बोगदे, आगगाड्या, घोडेस्वार काढले, समांतर रेघांनी. कॉमिक्सवर वाढलेल्या नजरेला यात ‘केस’ न दिसता एक कसबी माणूस दिसला, हे महत्त्वाचे.

चलतचित्रांच्या दुनियेत क्वे बंधूंचा ‘इन अब्सेन्शिया’ (२०००) असाच. एम्मा हाउकने १९०९ मध्ये हायडेलबर्गच्या रुग्णालयातून नवऱ्याला पत्रे लिहिली. तेच ते आर्जव एकावर एक गिरवून कागद काळा होईपर्यंत. पत्रे पोचलीच नाहीत. चित्रपट तिची कहाणी सांगत नाही. तुटलेली शिसे, नखांतली काजळी आणि पुन्हा टोक केलेली पेन्सिल दाखवतो. लिहिण्याचे कष्ट दिसतात, बस.

सध्या खरे धाडस चालले आहे ते बेल्जियममध्ये. व्हिएल्सामच्या जुन्या लष्करी बराकीतल्या कार्यशाळेत बौद्धिक अपंगत्व असलेले कलावंत काम करतात, आणि ‘फ्रेमॉक’ या प्रकाशनाचे कॉमिक्सकार त्यांच्या शेजारी बसून पाने करतात. मार्सेल श्मिट्झने पुठ्ठा आणि चिकटपट्टीतून एक शहर उभे केले. तिएरी व्हान हासेल्टने त्याच्यासोबत त्या शहराचे कॉमिक केले, आणि मुखपृष्ठावर नावे दोघांची. अर्थात हे जिवंत माणसांचे, आणि मनोरुग्णांचेही नव्हे. मार्सेलला ‘हे असे चालेल का’ विचारता येते, ब्यूलरला येत नाही. पण पानावर दोघांचा हात सारख्या हक्काने चालणे ही गोष्ट मेलेल्यांच्या बाबतीतही शिकण्याजोगी आहे. त्यांची रचना, त्यांचा मजकूर, त्यांचे खरे नाव, हे सगळे ठेवूनच आपली रेघ ओढायची.

त्यासाठी संग्रहालयांनी आधी एक करावे : वह्या मूळ क्रमाने, मजकूर उलगडून, सलग पाहायला खुल्या कराव्यात. आणि कॉमिक्सकारांनी डॉक्टरांची टिपणे उघडण्याआधी त्या वाचाव्यात.