ग्रामीण अमेरिकेतील मद्यपी वाहनचालकांचे न्यायालयीन अभिलेख : एक चिकित्सक परीक्षण

प्रास्ताविक :

न्यायदान उघडपणे व्हावे आणि त्याच्या नोंदी नागरिकांना पाहता याव्यात, हे तत्त्व अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेत रुजलेले आहे. १९७८ साली ‘निक्सन विरुद्ध वॉर्नर कम्युनिकेशन्स’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयीन अभिलेख पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा सर्वसाधारण अधिकार मान्य केला. हा अधिकार निरपवाद नाही, असेही त्याच निकालात स्पष्ट करण्यात आले. परंतु अधिकार मान्य होणे आणि अभिलेख प्रत्यक्ष हाती येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मद्यपान करून वाहन चालवण्याच्या खटल्यांच्या संदर्भात ग्रामीण भागात हे अंतर विशेष जाणवते. या गुन्ह्यात पूर्वीच्या दोषसिद्धीवर पुढील गुन्ह्याची गंभीरता ठरते. त्यामुळे येथे जुनी नोंद हा खटल्याचा केवळ अवशेष राहत नाही, ती पुढील न्यायाचा आधार बनते. या विषयावरील कायदे राज्यागणिक वेगळे असल्याने प्रस्तुत लेखात न्यूयॉर्क या एकाच राज्याच्या ग्रामीण भागातील व्यवस्थेचे परीक्षण केले आहे.

कायद्याची चौकट :

न्यूयॉर्कच्या वाहन व वाहतूक कायद्यातील कलम ११९२ मध्ये या गुन्ह्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. मद्यामुळे वाहन चालवण्याची क्षमता केवळ क्षीण झाली असेल, तर तो वाहतूक नियमभंग ठरतो. पहिल्या वेळी त्यासाठी ३०० ते ५०० डॉलर दंड किंवा १५ दिवसांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०८ टक्के वा त्याहून अधिक आढळल्यास तो फौजदारी गुन्हा होतो आणि कैद एका वर्षापर्यंत वाढू शकते. दहा वर्षांच्या आत अशाच फौजदारी गुन्ह्याची पुनरावृत्ती झाल्यास तो गंभीर गुन्ह्याच्या वर्गात जातो. म्हणजेच पहिल्या खटल्यात नियमभंग नोंदला गेला की गुन्हा, यावर त्या व्यक्तीचे पुढील भवितव्य अवलंबून असते.

विखुरलेले दप्तर :

काउंटी ही ढोबळमानाने महाराष्ट्रातील जिल्ह्यासारखी प्रशासकीय रचना असते आणि तिचे ‘टाउन’ नावाचे उपविभाग असतात. न्यूयॉर्कमधील हॅमिल्टन काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार ५,१०७ होती. राज्यातील ही सर्वांत कमी लोकवस्तीची काउंटी. अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतराजीतील तिचा विस्तार मात्र १,७०० चौरस मैलांहून अधिक आहे. तीत नऊ टाउन आहेत आणि एकही शहर नाही. अशा भागात मद्यपी चालकाचे प्रकरण प्रथम टाउनच्या न्यायालयात येते. गुन्हा गंभीर वर्गातला असून अभियोगपत्र दाखल झाले, तर ते काउंटी न्यायालयाकडे जाते व त्याचे दप्तर काउंटी क्लार्ककडे राहते. तडजोडीने आरोप सौम्य झाल्यास प्रकरण टाउनमध्येच निकाली निघू शकते. परिणामी अभिलेख शोधणाऱ्यास चालकाचे नाव ठाऊक असून भागत नाही. त्याला कोणत्या टाउनच्या हद्दीत अटक झाली आणि आरोपाचे पुढे काय झाले, हे आधी माहीत असावे लागते. जे शोधायचे तेच आधी ठाऊक असावे, अशी ही विचित्र अट आहे.

राज्यात अशी टाउन व व्हिलेज न्यायालये सुमारे १,२०० आहेत. त्यांचे न्यायाधीश निवडून येतात आणि त्यांतील बहुसंख्य कायद्याचे पदवीधर नसतात. वकील नसलेल्या न्यायाधीशांचा प्रश्न १९७६ साली ‘नॉर्थ विरुद्ध रसेल’ या खटल्याद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तो खटलाही मद्यपान करून वाहन चालवण्याचाच होता. केंटकी राज्यातील लिंच या लहानशा शहरातील न्यायाधीश व्यवसायाने कोळसा खाणीतील कामगार होता. ज्या गुन्ह्यासाठी कायद्यात केवळ दंडाची तरतूद होती, त्यासाठी त्याने आरोपीला ३० दिवसांची कैद सुनावली. वरच्या न्यायालयात संपूर्ण फेरसुनावणीची सोय असल्याने ही व्यवस्था घटनाबाह्य नाही, असा निर्णय बहुमताने झाला. दाद मागण्याची वाट जेथे व्यवस्थेचे समर्थन ठरते, तेथे खालच्या न्यायालयाची नोंद सुस्पष्ट असणे अधिकच आवश्यक ठरते. न्यूयॉर्कमधील टाउन न्यायालयांवर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००६ साली लेखमाला प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक ठिकाणी कामकाजाची शब्दशः नोंदच होत नसल्याचे उघड झाले. त्यानंतर २००८ मध्ये ध्वनिमुद्रण सक्तीचे करण्यात आले.

खुलेपणाच्या मर्यादा :

टाउन न्यायालयांचे अभिलेख वाजवी वेळी जनतेस पाहण्यास खुले असावेत व ते टाउनच्या मालकीचे राहावेत, असे त्यांना लागू असलेल्या कायद्याचे कलम २०१९-अ सांगते. तरतूद उदार आहे. परंतु कित्येक टाउन न्यायालये संध्याकाळी वा ठरावीक दिवशीच भरतात आणि त्यांचा लिपिक अर्धवेळ असतो. तेथे ‘वाजवी वेळ’ कोणती, हे त्या लिपिकाच्या सवडीवरच ठरते. राज्याचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा न्यायालयांना लागू नाही. वेबक्रिम्स या सरकारी संकेतस्थळावर चालू फौजदारी प्रकरणांच्या पुढील तारखा दिसतात, पण टाउन न्यायालये त्यात नाहीत. न्यायालयीन प्रशासनाकडून राज्यव्यापी शोध घेता येतो. त्यासाठी ९५ डॉलर शुल्क आणि अचूक नावासह जन्मतारीख द्यावी लागते. अनेक प्रकरणांची तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकाला हा मार्ग जवळजवळ बंदच आहे.

याउलट शासनाची स्वतःची स्मृती विखुरलेली नाही. दोषसिद्धीची माहिती परवाना देणाऱ्या विभागाकडे जाते व चालकाच्या खात्यावर राहते. पुढील खटल्यात सरकारी वकिलाला नऊ टाउनचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. गावालाही नोंदीची फारशी गरज नसते. पाच हजार वस्तीत कोणाला अटक झाली, हे स्थानिक वृत्तपत्रातून आणि बोलण्यातून कळतेच. अभिलेखाची खरी गरज असलेला त्रयस्थ नागरिक, पत्रकार वा संशोधक तेवढा वंचित राहतो.

या वंचनेची किंमत कलम ११९२ च्या दहाव्या उपकलमात दिसते. मद्यपानाचा आरोप सोडून भलत्याच किरकोळ आरोपावर तडजोड होऊ नये, म्हणून विधिमंडळाने तेथे बंधन घातले आहे. उपलब्ध पुरावा पाहता मूळ आरोप टिकणारा नाही, असे सरकारी वकिलाचे मत झाले तरच अपवाद करता येतो आणि अशा वेळी न्यायालयाने त्याचा आधार अभिलेखात नमूद करावा लागतो. ओळखीच्या माणसास सवलत आणि परक्यास शिक्षा, असा भेद होतो की नाही, हे तपासण्याचे हेच साधन आहे. परंतु ते कारण ज्या अभिलेखात लिहायचे, तो टाउनच्या कपाटात राहतो. कायद्याने मागितलेले कारण कोणी वाचणारच नसेल, तर ते लिहिण्याचे बंधन नाममात्र उरते.

गोपनीयतेचा युक्तिवाद :

या विखुरलेपणाचे समर्थनही केले जाते. १९८९ साली ‘रिपोर्टर्स कमिटी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘व्यावहारिक दुर्बोधता’ म्हणता येईल अशी कल्पना मांडली. ठिकठिकाणच्या दप्तरांत पडलेली माहिती आणि तिचे एकत्रित संकलन यांत फरक असून अशा संकलनाबाबत व्यक्तीचे खासगीपण जपण्याजोगे असते, असा तिचा आशय होता. हा विचार वजनदार आहे. एका चुकीची सावली आयुष्यभर नोकरीवर व घरावर पडू नये, ही अपेक्षा न्याय्यच आहे. मात्र ग्रामीण काउंटीत या दुर्बोधतेचा लाभ आरोपीला क्वचितच मिळतो. पार्श्वभूमी तपासणाऱ्या खासगी कंपन्या पैसे घेऊन माहिती गोळा करतात. आरोपातून सुटलेल्या व्यक्तीचे दप्तर न्यूयॉर्कच्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १६०.५० नुसार मोहोरबंद होते, परंतु अटकेची छापील बातमी तशीच राहते. म्हणजे सुटकेचा पुरावा झाकला जातो आणि संशय उघडा राहतो.

२०२३ साली संमत झालेला व नोव्हेंबर २०२४ पासून अमलात आलेला ‘क्लीन स्लेट’ कायदा या दिशेने पुढचे पाऊल आहे. त्यानुसार ठरावीक अटी पूर्ण झाल्यावर किरकोळ गुन्ह्यांची दोषसिद्धी तीन वर्षांनी व पात्र गंभीर गुन्ह्यांची आठ वर्षांनी आपोआप मोहोरबंद व्हावयाची आहे. त्यासाठीची यंत्रणा उभारण्यास न्यायालयीन प्रशासनाला तीन वर्षांची मुदत आहे. हेतू स्तुत्य आहे. तथापि मोहोरबंद करण्यासाठीही नोंद आधी सापडावी लागते. टाउनच्या कागदी दप्तराची विश्वसनीय सूची नसेल, तर विस्मृतीचा हक्कही अर्धवटच राहील.

निष्कर्ष :

खुलेपणा आणि खासगीपण यांतील द्वंद्व म्हणून या प्रश्नाकडे पाहण्याची रूढी आहे. न्यूयॉर्कच्या ग्रामीण व्यवस्थेत मात्र दोन्ही मूल्यांची एकाच वेळी हानी होते. नोंद खुली असल्याने आरोपीला संरक्षण नाही आणि ती विखुरलेली असल्याने न्यायाधीशावर लोकांची नजर नाही. यावर सर्व नावे संगणकावर टाकणे हा उपाय नव्हे. व्यक्तीची माहिती आणि न्यायालयाच्या वर्तनाची माहिती यांत भेद करावा लागेल. मूळ आरोप, अंतिम आरोप, शिक्षा आणि सवलतीचे नमूद कारण एवढा तपशील नावाविना, टाउनवार, काउंटी क्लार्ककडे एकत्र ठेवता येईल. नावासह असलेला अभिलेख सध्याप्रमाणे संबंधित न्यायालयातच राहू शकेल. अभिलेख जनतेसाठी खुले असतात ते मुख्यतः न्याय कसा दिला जातो हे पाहता यावे म्हणून. ते साधत नसेल, तर कलम २०१९-अ ने दिलेला अधिकार ग्रामीण नागरिकापुरता कागदावरच राहतो.