लॅस्लेट यांचा ‘जीवनाचा नवा नकाशा’ आणि वृद्धांचे अध्ययनवर्ग

वृद्धांसाठी चालणाऱ्या अध्ययनवर्गांना तात्त्विक अधिष्ठान देण्याचा जो प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, त्यात पीटर लॅस्लेट (१९१५–२००१) यांच्या ‘अ फ्रेश मॅप ऑफ लाइफ’ (१९८९) या ग्रंथाचे स्थान वरचे आहे. लॅस्लेट हे मूळचे इतिहासकार. लोकसंख्या व समाजरचना यांच्या इतिहासाचा जो अभ्यासगट केंब्रिज येथे १९६४ मध्ये स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांपैकी ते एक होत. औद्योगिक युगापूर्वीच्या इंग्रज समाजाचे चित्र रेखाटणारा ‘द वर्ल्ड वुई हॅव लॉस्ट’ (१९६५) हा त्यांचा ग्रंथही विख्यात आहे. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींचा व्यासंग केलेल्या या अभ्यासकाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. उपजीविकेची जबाबदारी संपल्यावरही बहुसंख्य माणसांनी पुष्कळ वर्षे धडधाकट जगावे, ही घटना मानवी इतिहासात अपूर्व आहे. आणि तिला सामावून घेईल असे नाव समाजाजवळ नाही, तशी संस्थाही नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न प्रस्तुत ग्रंथात आहे.

लॅस्लेट यांनी आयुष्याचे चार भाग कल्पिले आहेत. पहिले वय परावलंबनाचे, संस्कारांचे व शिक्षणाचे, दुसरे स्वावलंबनाचे, अर्थार्जनाचे व कुटुंबाच्या जबाबदारीचे, तिसरे आत्मपूर्तीचे, आणि चौथे अंतिम परावलंबनाचे व मृत्यूचे. ही वये पंचांगाने ठरत नाहीत, असे ते आग्रहाने सांगतात. एखादा कलावंत आपले तिसरे वय दुसऱ्याबरोबरच जगू शकतो. वृद्ध म्हणजे समाजावरील भार, या समजुतीचे मूळ तिसऱ्या व चौथ्या वयाची सरमिसळ करण्यात आहे, हे त्यांचे प्रतिपादन मार्मिक आहे. निवृत्तीनंतरच्या वर्षांना जीवनाचे शिखर मानण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, आणि त्या शिखरावर त्यांनी अध्ययनाची प्रतिष्ठापना केली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद होय.

या विचाराला संस्थेचे रूपही लाभले. ‘तृतीय वयाचे विद्यापीठ’ ही कल्पना प्रथम १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे प्येर व्हेलास यांनी प्रत्यक्षात आणली. तेथील वर्ग विद्यापीठाच्या आश्रयाने चालत आणि अध्यापन प्राध्यापकांकडे असे. लॅस्लेट, मायकेल यंग व एरिक मिडविंटर यांनी १९८१च्या सुमारास ही कल्पना ब्रिटनमध्ये आणली तेव्हा तिचे स्वरूप पालटले. प्राध्यापकांचा व अनुदानाचा आधार न घेता सभासदांनीच एकमेकांना शिकवावे, जो शिकतो त्यानेच प्रसंगी शिकवावे, प्रवेशासाठी पात्रता विचारू नये, परीक्षा व पदव्या ठेवू नयेत, अशी तत्त्वे तेथे स्वीकारली गेली. ज्ञानासाठी ज्ञान हे विद्यापीठांनी केवळ उच्चारलेले ब्रीद येथे खरोखर आचरणात आले, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतीय वाचकास हा नकाशा पाहताच आश्रमव्यवस्थेची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र हे साम्य वरवरचे आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. वानप्रस्थाचा रोख विरक्तीकडे आहे, तर लॅस्लेट यांच्या तिसऱ्या वयाचा रोख आत्मविकासाकडे. तथापि आश्रमकल्पनेचा इतिहास पाहिला म्हणजे वेगळेच चित्र दिसते. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी आपल्या ‘द आश्रम सिस्टिम’ (१९९३) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, प्राचीन धर्मसूत्रांच्या काळी चार आश्रम या एकामागून एक चढावयाच्या पायऱ्या नव्हत्या. प्रारंभीचे अध्ययन पुरे केलेल्या पुरुषाने त्यांतील एक जन्मभरासाठी निवडावयाचा होता. पायऱ्यांचा क्रम मागाहून रूढ झाला. त्या मूळ चौकटीत आमरण गुरुगृही राहून अध्ययन करणाऱ्या नैष्ठिक ब्रह्मचाऱ्यालाही मान्यतेचे स्थान होते. ‘आजीवन अध्ययन’ हा शब्द आजचा असला, तरी त्या शब्दाचा आशय या भूमीला अपरिचित नाही.

परंतु खरे साम्य याहून खोल आहे, आणि ते दोन्ही नकाशांचे वैगुण्य उघड करणारे आहे. आश्रमांचा क्रम माना वा विकल्प माना, त्या सर्वांच्या दाराशी उपनयन उभे आहे. ज्याचे उपनयन झाले त्याचे अध्ययन. ज्याचे अध्ययन झाले त्याला पुढील निवड. शूद्राला हे दार बंद होते. स्त्रीच्या बाबतीत मनुस्मृतीने विवाहालाच उपनयनाच्या जागी बसविले आणि पतिसेवेलाच गुरुकुलवास ठरविले. म्हणजे तिचा पहिला आश्रम सासरच्या घरातच सुरू झाला आणि तेथेच संपला. लॅस्लेट यांच्या नकाशात असा निषेध कोठेही नाही. त्यांच्या विद्यापीठाचे दार सर्वांना उघडे आहे. पण नकाशाची आखणी मात्र पहिले वय शिक्षणात गेलेल्या माणसाच्या आयुष्यावरून झालेली आहे. ज्याच्या पहिल्या वयात शाळाच नव्हती, त्याने तिसऱ्या वयात प्रथमच हातात पाटी घेतली, तर त्याला या नकाशात कोठे दाखवावयाचे? त्याचे अध्ययन आत्मपूर्ती म्हणावे, की साठ वर्षे थकलेल्या देण्याची वसुली?

इंग्लंडात बसून लिहिलेल्या ग्रंथाला भारताच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे येऊ शकतो. त्याचे उत्तर ब्रिटनच्याच इतिहासात आहे. त्या देशात शाळा सोडण्याचे वय १९४७ पर्यंत चौदा होते. १९८१ मध्ये साठी ओलांडलेल्या सामान्य कामगाराचे शालेय शिक्षण मिसरूड फुटण्यापूर्वीच संपलेले होते. तेव्हा पहिल्या वयाचा तुटपुंजेपणा हा प्रश्न नकाशाच्या मायभूमीतही होताच. भारतात तो केवळ अधिक उघडा पडतो.

तो किती उघडा पडतो हे २०११च्या जनगणनेवरून कळते. त्या वर्षी देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. त्यांतील साक्षरांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के. पुरुषांत ते ५९ टक्के, तर स्त्रियांत अवघे २८ टक्के होते. प्रौढशिक्षणाच्या राष्ट्रीय योजनांनी या वृद्धांकडे दीर्घकाळ पाठ फिरविलेली दिसते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाचे लक्ष्य १५ ते ३५ हा वयोगट होता. १९८८च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानानेही तोच स्वीकारला. उत्पादनक्षम वयावर खर्च करावा, हा त्यामागील हिशेब समजण्याजोगा आहे. पण त्या हिशेबात शिक्षण हे केवळ दुसऱ्या वयाचे साधन ठरते. वरची मर्यादा २००९च्या ‘साक्षर भारत’ योजनेत दूर झाली. तोवर १९७८ मध्ये छत्तीस वर्षांची असलेली निरक्षर स्त्री सदुसष्ट वर्षांची झाली होती.

या पार्श्वभूमीवर ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’चा विचार करावा लागतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने व एका धर्मादाय न्यासाच्या साहाय्याने ही शाळा उभी राहिली. साठ ते नव्वद या वयाच्या सुमारे तीस स्त्रिया दुपारी, घरची कामे आटोपून, वर्गात येऊ लागल्या. अंगठा उठविण्याऐवजी सही करता यावी, पोथी आपली आपण वाचता यावी, अशा त्यांच्या आकांक्षा होत्या. त्यांना शिकविणारी बाई गावातीलच एक सून. तिची सासूही त्याच वर्गात विद्यार्थिनी. स्मृतिकारांनी ज्या सासरच्या घराला स्त्रीचे गुरुकुल ठरविले होते, तेथे अखेर अक्षरांचे गुरुकुल अवतरले, आणि गुरुपद सुनेकडे आले. या एका घटनेत जेवढा सामाजिक अर्थ भरला आहे, तेवढा पुष्कळ अहवालांतही सापडणार नाही.

या शाळेची प्रसिद्धी मुख्यतः झाली ती तेथील गुलाबी लुगड्यांच्या गणवेशामुळे आणि पाठीवरच्या दप्तरांमुळे. वृद्धांना बालकांसारखे सजविणे हा त्यांच्या वयाचा उपमर्द आहे, अशी टीका यावर करता येईल, आणि लॅस्लेट यांच्या भूमिकेतून ती सुसंगतही ठरेल. पण गणवेश निरर्थक वाटतो तो ज्याने बालपणी घातला आणि टाकला त्याला. ज्या स्त्रीने शाळेला जाणाऱ्या भावाचे कपडे धुतले आणि स्वतः गुरांमागे गेली, तिला गणवेश हा नाकारलेल्या हक्काचा दृश्य भाग वाटला, तर त्यात पोरकटपणा कोणता?

परीक्षेच्या बाबतीतही हेच म्हणावे लागते. केरळच्या आलप्पुळा जिल्ह्यातील कार्त्यायनी अम्मा यांनी २०१८ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, राज्य साक्षरता अभियानाची परीक्षा दिली आणि शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळविले. २०२० मध्ये त्यांना नारीशक्ती पुरस्कार प्रदान झाला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. परीक्षा व प्रमाणपत्र यांचा त्याग हे तृतीय वयाच्या विद्यापीठाचे भूषण आहे खरे. परंतु त्याग करण्यास आधी काही पदरी असावे लागते. पदवीधराने पदवीविषयी उदासीन होणे हे वैराग्य. ज्याला परीक्षेस कोणी बसूच दिले नाही, त्याला परीक्षेची व्यर्थता सांगणे हा उपदेश नव्हे, तर जुन्याच वंचनेची पुनरावृत्ती होय. लॅस्लेट यांचे तत्त्व खोटे नाही. ते दुसऱ्या टप्प्याचे आहे, आणि नकाशाने त्याला पहिला टप्पा मानले आहे.

मग या ग्रंथातून येथील वर्गांनी घ्यावयाचे काय? शिकणाऱ्यानेच शिकवावे हे तत्त्व घ्यावे. आणि जेथे ते सर्वांत अवघड वाटते, त्या निरक्षरांच्या वर्गातच ते प्रथम लावून पाहावे. निरक्षर वृद्धा वर्गात रिकाम्या हाती येत नाही. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह झाला, त्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या रचणाऱ्या व जपणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. असे वाङ्मय कंठात घेऊन आलेल्या बाईपुढे बडबडगीत ठेवणे ही अध्यापनाची चूक आहे; गणवेशात नसलेला उपमर्द येथे होतो. तिचीच ओवी फळ्यावर लिहून तीतून अक्षरे ओळखावयास लावली, तर शब्द तिचे राहतील आणि लिपी तेवढी शिक्षिकेची. शिकणे व शिकविणे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी घडेल. पेरणीची नक्षत्रे, रानभाज्या, बाळंतिणीचा आहार यांविषयीचे तिचे ज्ञानही असेच वाचनपाठात येऊ शकेल, अर्थात त्याची चिकित्साही वर्गातच व्हावी.

आज आजीवन अध्ययन या एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी नांदत आहेत. निवृत्त अधिकारी संगणक वा संस्कृत शिकतो, तेही आजीवन अध्ययन. आणि सत्तरीतली शेतमजूर स्त्री ‘अ’ गिरविते, तेही आजीवन अध्ययन. पहिल्याचे शिक्षण पुढे चालू आहे, दुसरीचे आता आरंभ होत आहे. दोघांना एका मापाने मोजले, तर वर्गांची संख्या व उपस्थिती यांत पहिल्याचीच सरशी होईल, कारण त्याच्याजवळ सवड आहे, वाहन आहे आणि शिकण्याची सवय आहे. विद्यापीठांच्या विभागांनी आपल्या कार्याचा ताळेबंद मांडताना हा भेद लपू देता कामा नये. लॅस्लेट यांनी वृद्धत्वाच्या अंधाऱ्या प्रदेशात तिसऱ्या वयाची सीमारेषा आखली, हे त्यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणणे भाग आहे की, येथील नकाशात पहिले वय कोणत्याही वयात सुरू होऊ शकते, ही नोंद प्रथम करावी लागेल. ती होईपर्यंत ‘आजीवन’ या शब्दाचा अर्थ, ज्यांना आरंभ लाभला त्यांच्या आयुष्यापुरताच राहील.