‘ये माई’ आणि फिरंगाई

शिरूर तालुक्यात कवठे येमाई आणि कान्हूर मेसाई ही दोन गावे आहेत. तलाठ्याच्या दप्तरात, एसटीच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत देवी गावाच्या नावातच बसलेली. शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभची फिरंगाई. ती आमची कुलस्वामिनी, तेव्हा हे लेखन अगदीच तटस्थ नाही.

येमाईची व्युत्पत्ती लहानपणापासून ऐकत आलो. रामाची परीक्षा घ्यायला पार्वती सीतेच्या रूपात आली, रामाने ओळखले आणि ‘ये माई’ म्हटले. तुकाईचीही हीच कथा. तिथे राम ‘तू का आई’ म्हणतो. एकाच प्रसंगातून दोन नावे निघावीत, इथेच मेख कळते. नाव आधीचे, कथा मागाहून जोडलेली. पण जोडली की गावची आई पार्वती होऊन जाते.

रा. चिं. ढेरे अशा कथांवर थांबले नाहीत. ‘लज्जागौरी’मध्ये (१९७८) ते रेणुका-यल्लम्मांच्या मागे वारुळाची, भूमीची, सर्जनाची आदिमाता शोधतात. या विषयावर मराठीत इतके धाडसी पुस्तक मला दुसरे माहीत नाही. तरी ते मिटताना शंका उरतेच. पुराणिकाने सगळ्यांची पार्वती केली, संशोधकाने भूमाता. कान्हूरची मेसाई दोन्हीकडे ‘आणखी एक रूप’ एवढीच.

फिरंगाई या चौकटीत सहज बसत नाही. फिरंग म्हणजे विलायती पात्याची तलवार. ‘भावप्रकाशा’त फिरंग हा रोगही आहे. नावातला फिरंग यांपैकी कोणताही असो, शब्द रुळला तो फिरंगी किनाऱ्यावर उतरल्यानंतर. पूजा कितीही जुनी असेल, हे नाव आदिम नव्हे. कुणीतरी ते बऱ्याच अलीकडे ठेवले. तलवारीच्या कौतुकापोटी की रोगाच्या धास्तीपोटी? मरीआई, शितळाई आठवल्या की मला धास्ती पटते. घरच्यांना अर्थातच तलवार आवडते.

इथे दा. ध. कोसंबींचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) कामी येते. त्यांनी देवीच्या अर्थाआधी तिची जागा पाहिली : मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्या-चौकांवर. कुरकुंभला आजही पुणे-सोलापूर आणि दौंड-बारामती हे रस्ते एकमेकांना छेदतात. वाटेने माल येतो, फौज येते, साथ येते, तसे नावही आले असेल. मात्र आजचा हमरस्ता म्हणजेच जुनी वाट, असे धरणे घाईचे होईल. ते कुणीतरी पायी हिंडून तपासायला हवे, कोसंबी हिंडत तसे.