उतारा आणि दृष्टान्त

शालान्त परीक्षेच्या मराठी प्रश्नपत्रिकेत ‘अपठित उतारा’ म्हणून जो गद्यखंड दिला जातो, तो बहुधा एखाद्या मोठ्या लेखातून कापून काढलेला असतो. जेथे कापला तेथे विचारही तुटला, याची दाद कोणी घेत नाही. खालच्या प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकावयाचा आणि तेथील वाक्य उत्तरपत्रिकेत उतरवावयाचे. यास आकलन म्हणावयाचे, तर नकलनविसासही वकील म्हणावे लागेल!

एवढ्यावरून छोटे पाठच टाकाऊ ठरवून मुलांच्या हाती सबंध ग्रंथ द्यावेत असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मात्र आम्ही बसणार नाही. गोव्यात घरची भाषा कोंकणी, बेळगावात शेजारची कानडी, इंदुरास बाजाराची हिंदी. अशा मुलाची निम्मी शक्ती लांब धड्यातील शब्दांशी झगडण्यातच सरते आणि शेवट येईतो आरंभ विसरलेला असतो. एका तासिकेत तीनदा वाचून होईल असा मजकूर त्याला हवा. दोष आखूडपणाचा नाही, तुटलेपणाचा आहे.

आखूड असून सबंध, असे गद्य मराठीत तेराव्या शतकापासून आहे. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. प्रत्येकाचे भाग तीन: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. पहिले दोन स्वामींचे, तिसरा केसोबासांचा. म्हणजे सिद्धान्त, त्याचे उदाहरण आणि दोहोंचा सांधा. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा दृष्टान्त घ्या. कोणाच्या हाती पाय लागला, त्यास हत्ती खांबासारखा; कोणाच्या हाती कान, त्यास तो सुपासारखा. ‘कान कशासारखा वाटला?’ हा प्रश्न परीक्षकाचा झाला. ‘यांपैकी खोटे कोण बोलले?’ असे विचारून पाहा. वर्ग क्षणभर गप्प होईल आणि मग कोणीही नाही असे उत्तर येईल. मग भांडण कशाचे, हे मुले आपणच शोधू लागतील. न्यायालयात प्रामाणिक साक्षीदाराची साक्षही अपुरी असू शकते, हे आम्हांस पुष्कळ खटल्यांनंतर उमगले. ते चौदा वर्षांच्या मुलास दहा ओळींत उमगण्यासारखे आहे.

कायदा करणाऱ्यांनीही हीच युक्ती वापरली. १८६० च्या दंडसंहितेत चोरीच्या व्याख्येखाली उदाहरणे आहेत. खिशात आमिष ठेवून कोणी दुसऱ्याचे कुत्रे मागे यावयास लावले, तर ते चालू लागताक्षणी चोरी पुरी होते. व्याख्या दहादा वाचून जे कळत नाही, ते त्या कुत्र्याच्या पहिल्या पावलाने कळते. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तरी हे कुत्रे तिच्यातही चालतच आहे.

देवळाच्या सभामंडपात बसणाऱ्या वाचकांस हे नवे वाटू नये. कीर्तनकार पूर्वरंगासाठी चार-पाच चरणांचा अभंग घेतो, एकेका पदावर थांबतो, शंका काढतो, पुन्हा चरणाकडे येतो, आख्यान त्यानंतर. शाळेत मात्र चरण वाचण्याआधीच अर्थ फळ्यावर येतो.

दृष्टान्तपाठाची भाषा जुनी, हा आक्षेप खरा आहे. पाच-सहा शब्दांचे अर्थ समासात द्यावेत. वाक्ये मात्र बदलू नयेत. आणि छापताना दार्ष्टान्तिक वगळून तेथे कोरी जागा सोडावी. मुलांनी आपला सांधा लिहून दिल्यावर दुसऱ्या दिवशी शिक्षकाने केसोबासांचा वाचून दाखवावा. कित्येकांचा त्याहून निराळा निघेल. तो चूक की बरोबर, हे ठरविण्यासाठी मूळ दहा ओळींकडे सर्वांना परत जावे लागेल.