अर्ज आणि त्याचें प्रमाण

'अर्ज' हा शब्द कानीं पडतांच वाङ्मयाच्या चाहत्याच्या कपाळास आठी पडते. कादंबरी, नाटक, निबंध यांचें परीक्षण करावें. परंतु नोकरीच्या अर्जाचें किंवा विद्यापीठाकडे धाडावयाच्या हेतुपत्राचें परीक्षण कसलें करावयाचें, असें कोणी म्हणेल. आमचें मत निराळें आहे. सुशिक्षित माणसावर कविता लिहिण्याचा प्रसंग कदाचित् कधींच येणार नाहीं. परंतु 'ही जागा मला द्यावी' हें अपरिचितास पटवून देण्याचा प्रसंग बहुतेकांवर येतो. ज्या लेखनावर आपल्या मुलांच्या पुढील वर्षांची भिस्त असते, त्याविषयीं टीकाकारानें मौन धरावें हें बरें नव्हे.

दर वर्षीं पावसाळा सरला कीं विद्यार्थी हेतुपत्रांचे खर्डे घेऊन आमच्याकडे येऊं लागतात. 'मी मेहनती, जिज्ञासु व नेतृत्वगुणांनीं युक्त आहें. लहानपणापासून मला या विषयाची ओढ आहे.' नांवें झांकलीं तर कोणता खर्डा कोणाचा, हें त्यांच्या आईबापांसहि सांगतां यावयाचें नाहीं. आतां तर असा मजकूर संगणकाकडून घटकाभरांत लिहवून घेतां येतो, आणि त्याचें व्याकरण आमच्यापेक्षांहि निर्दोष असतें. म्हणजे उणीव भाषेची नाहीं, तर्काची आहे. 'मेहनती' हें विशेषण नसून निष्कर्ष आहे. तो काढण्याचा अधिकार वाचणाराचा. लेखकाचें काम त्यास सामग्री पुरविण्याचें.

दुसऱ्यास पटवून देण्यासाठीं जें अनुमान मांडावयाचें, त्याचे पांच अवयव आमच्या न्यायशास्त्रानें सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर आहे, हा हेतु. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. या डोंगरावरहि तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून येथें अग्नि आहे, हें निगमन. आमच्या हातीं येणाऱ्या बहुतेक अर्जांत पहिला आणि शेवटचा असे दोनच अवयव असतात. मधले तिन्ही गळालेले. धूर कोठेंच दिसत नाहीं, अग्नीची ग्वाही मात्र दोनदां दिलेली असते.

नमुना म्हणून आम्ही विद्यार्थ्यांपुढें एक जुनें निवेदन ठेवतों. १८८२ सालीं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें शिक्षण आयोग नेमला. त्याच्यापुढें जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं पुण्याहून इंग्रजींत आपलें निवेदन सादर केलें. तो कांहीं नोकरीचा अर्ज नव्हे. स्वतःसाठीं जोतीराव त्यांत कांहींच मागत नाहींत. परंतु परक्या अधिकाऱ्यापुढें मागणें कसें मांडावें, याचा तो उत्तम धडा आहे. आरंभीं ते आपला अधिकार सांगतात, आणि तोहि मर्यादा घालून: आपला अनुभव मुख्यत्वें पुणें व भोंवतालचीं गांवें एवढ्यापुरता आहे. मग कामें येतात. मुलींची शाळा काढली व तींत पति-पत्नींनीं मिळून अनेक वर्षें काम केलें. महार-मांगादिकांसाठीं शाळा काढली. मिशनच्या मुलींच्या शाळेंत कांहीं वर्षें शिकविलें. इतकें वाचल्यावर 'मला शिक्षणाची आवड आहे' असें निराळें सांगण्याची गरजच उरत नाहीं.

पुढें युक्तिवाद येतो. सरकारचें उत्पन्न मुख्यतः रयतेच्या श्रमांतून उभें राहतें, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस मिळतो. वरच्यांस शिकविलें कीं विद्या आपोआप खालीं झिरपेल, हें गृहीत अनुभवास उतरलेलें नाहीं. म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें करावें. आणि येथेंच ते थांबत नाहींत. शिक्षक कोणत्या वर्गांतून घ्यावे येथपासून मोडी व बाळबोध, हिशेब, शेती व आरोग्य यांचें प्राथमिक ज्ञान येथपर्यंत सर्व तपशील ते देतात. सामान्य तत्त्व प्रस्तुत प्रसंगास लावून दाखविणें, यालाच उपनय म्हणावयाचें.

कोणी विचारील, एवढें करून सक्तीची मागणी मान्य झाली काय? नाहीं झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं तशाच हेतूनें आणलेलें विधेयकहि १९१२ सालीं नामंजूर झालें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा व्हावयास २००९ साल उजाडावें लागलें. अर्जाचा निकाल ही एक गोष्ट आणि युक्तिवादाचें बळ ही दुसरी. फेटाळलेला अर्ज खोटा ठरत नाहीं. परंतु पोकळ अर्ज मंजूर झाला तरी पोकळच राहतो.

येथें आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणें प्राप्त आहे. संख्याशास्त्र शिकूं इच्छिणाऱ्या एका विद्यार्थिनीनें खर्ड्यांत लिहिलें होतें कीं, आईच्या पोळीभाजी केंद्रांत कोणत्या वारीं किती पोळ्या उरतात, याची नोंद तिनें दोन वर्षें ठेवली, आणि त्या आधारें उरणाऱ्या पोळ्या निम्म्यावर आणल्या. आम्हांस तें घरगुती वाटलें. तें वाक्य आम्हीं खोडलें व त्या जागीं 'संख्याशास्त्राची उपजत ओढ' असे शब्द घातले. त्या वर्षीं तिला प्रवेश मिळाला नाहीं. त्याचें कारण आमची लेखणीच होती, असें म्हणण्यास पुरावा नाहीं. परंतु त्या खर्ड्यांतील एकमेव धूर आम्हीं आमच्या हातानें पुसला, हें खरें. पुढल्या वर्षीं तिनें तें वाक्य पुन्हा घातलें, आणि या वेळीं आम्हांस विचारलें नाहीं. तिचें योग्यच झालें.

म्हणून पालकांस व विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच. खर्डा पुरा झाला कीं प्रत्येक विशेषणाखालीं रेघ ओढावी आणि 'कशावरून?' असें विचारावें. उत्तर मिळालें, तर विशेषण खोडून तें उत्तर लिहावें. न मिळालें, तर विशेषण नुसतेंच खोडावें. शिफारसपत्रें लिहिणाऱ्या आम्हां प्राध्यापकांसहि हाच नियम लागू आहे. मागें राहील तो मजकूर कदाचित् निम्माच भरेल. पण तो ज्याचा त्याचा असेल.